चाक थांबतं तिथे

काल ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टच्या गाण्यांच्या मैफलीत पियानो मध्येच थांबला. गायिका प्रियकराच्या चुंबनाच्या आठवणीपाशी पोचली आणि इतका वेळ सुरांतून गरगरणारा चरखा एकदम गप्प.

गाणं जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातल्या ग्रेटखेनचं. सूत कातता कातता फाउस्टच्या आठवणीत भान हरपलेली भोळी पोर. पियानोच्या उजव्या हातात चाकाची गरगर, डाव्यात पायाचा ठेका. थांबलेलं चाक लगेच फिरत नाही. अडखळतं, परत अडखळतं, मग कुठे लय धरतं.

१८१४ मध्ये हे रचलं तेव्हा शुबर्ट १७ वर्षांचा होता. (त्या वयात त्याला हे कुठून कळलं, देव जाणे!)

बाहेर पडताना मैत्रीण म्हणाली, “भुलली बिचारी.”

आणि भुलवणारा? त्याच्या तोंडी या गाण्यात एक ओळही नाही. त्याला कोण विचारणार?