काउंटरच्या त्या बाजूला

शनिवार, रात्रीचे साडेदहा

पाय भरून आलेत. बँकेत ३१ वर्षं कॅश काउंटर सांभाळला, पण तिथं बसायला खुर्ची होती. आज सकाळी दहापासून चारपर्यंत नातवंडांच्या मागे नुसती उभी. त्यातला तासभर तर चक्क गिऱ्हाईक म्हणून रांगेत.

लेकीच्या सिरॅक्यूजहून (हे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात) रॉचेस्टर गाडीनं दीडेक तास. "आई, तुम्हाला म्युझियम आवडतं ना, म्हणून मुद्दाम ठरवलं," जावईबापू म्हणाले. म्युझियम म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या तलवारी, पैठण्या आणि 'वस्तूंना हात लावू नये'ची पाटी. म्हणून चष्मा पुसून, पर्समध्ये वही-पेन टाकून निघाले. पेन शेवटपर्यंत बाहेर आलंच नाही. हे म्युझियम खेळाचं निघालं. नाव 'द स्ट्राँग'. आत पाऊल टाकताच जो कल्ला कानावर आला, तो आमच्या सांगलीच्या शाळेत मधली सुट्टी झाल्यावर यायचा तसा.

ही स्ट्राँग म्हणजे मार्गारेट वुडबरी स्ट्राँग नावाची बाई (१८९७–१९६९). रॉचेस्टर हे कोडॅकचं गाव. हिच्या आईवडिलांनी कोडॅक काढणाऱ्या ईस्टमनच्या धंद्यात अगदी सुरुवातीला पैसे घातले आणि पोरीच्या सात पिढ्यांची सोय झाली. (शेअर घ्यावेत तर असे. आमच्याकडे मी एकदाच घेतले, त्याबद्दल यजमान अजून बोलतात.) लहानपणी ती त्यांच्याबरोबर देशोदेशी फिरायची. बाहुल्या-खेळण्यांसाठी तिला एक छोटी पिशवी मिळायची, वाटेत काही घेतलं तर तेही त्यातच मावायला हवं. तिथून बारक्या वस्तूंचा नाद लागला, तो म्हातारपणापर्यंत सुटला नाही. घर बाहुल्यांनी भरलं. तिच्या मागे, १९८२ साली, हे म्युझियम लोकांसाठी उघडलं.

धाकट्या नातीला १९१८ सालच्या मेरी-गो-राउंडवर बसवलं, तिथून उतरेना. फुलपाखरांच्या बागेत एक फुलपाखरू माझ्या ओढणीवर येऊन बसलं, तर ती घाबरून रडली. तिचं एवढंच.

ईशान मात्र बाजारात अडकला. वेगमन्स हे इथलं मोठं वाणसामानाचं दुकान, त्याचं मुलांच्या उंचीचं रूप तिथं केलंय. कमरेइतक्या ढकलगाड्या, मांडण्यांवर डबे-खोकी, प्लास्टिकची केळी, आणि काउंटरवर माल पुढे सरकवला की 'बीप' करणारं यंत्र. खऱ्या दुकानात या पोराला आम्ही दर दोन मिनिटांनी ओरडतो, "ठेव ते, हात लावू नकोस." इथं त्यानं पाऊण तास सगळ्याला हात लावला.

मी बाजूला उभी राहून बघत होते आणि एक गोष्ट लक्षात आली. सामान घ्यायला पोरांना फारसा उत्साह नाही. सगळ्यांना काउंटरच्या त्या बाजूला जायचंय. तीन यंत्रांवर सात पोरं, आणि गिऱ्हाईक एकही नाही! मग ती जबाबदारी आयांवर आणि आज्यांवर. "आजी, तू रांगेत उभी राहा," ईशाननं हुकूम सोडला. राहिले. माझी केळी त्यानं चार वेळा बीप केली. मी म्हटलं, अरे, एकाच फणीचे चारदा पैसे लावलेस. तो मान वर न करता म्हणाला, "नेक्स्ट!"

तो आवाज मी ओळखला. तो माझाच होता. महिन्याच्या एक तारखेला, पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत गेलेली असताना, मीही मान वर न करता टोकन नंबर पुकारायची. समोर कोण आहे हे मी त्याच्या सहीवरून ओळखायची, तोंडावरून नाही.

एक सोनेरी केसांचा पोरगा ईशानच्या हातातला डबा ओढायला लागला. जावईबापूंना सोडवायला बोलवावं तर ते कुठं? दोन पुरुष उंचीपेक्षा वाढलेल्या राक्षसी 'डाँकी काँग' व्हिडिओ गेमसमोर, हातात जॉयस्टिक, तोंड उघडं. चाळिशीचा माणूस. त्यांना तसंच ठेवलं. पोरांचं पोरांनीच मिटवलं: एकानं बीप करायचं, एकानं पिशवीत भरायचं. आमच्या बँकेत कॅशियर आणि क्लार्कमध्ये एवढा समजूतदारपणा मी पाहिला नाही.

तेवढ्यात शेजारी उभी असलेली लेक म्हणाली, "आई, तुझा तो शिक्का आठवतो? जांभळा. 'रोख दिली'वाला. मला एकदाही मारू दिला नाहीस."

मला वाटलं होतं ती विसरली असेल. शनिवारी तिची शाळा सकाळची, बँकही अर्धा दिवस. ती थेट बँकेत यायची आणि जाळीच्या आत, माझ्या मागच्या स्टुलावर पाय हलवत बसायची. समोर ओल्या स्पंजची वाटी, टाचण्यांचा डबा, इंक पॅड, आणि तो शिक्का. तिचा हात हळूहळू पुढे यायचा. मी नोटा मोजता मोजता कोपरानं तो मागे सारायची, मोजणी न चुकता. "तो खेळ नाहीये," एवढं म्हणायची.

खेळ नव्हताच. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर घरी जाता यायचं नाही, आणि कमी पडलेली रक्कम खिशातून. एकदा ५० रुपये भरलेत मी. शिक्का आजही दिला नसता. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये गं. मी फक्त म्हटलं."

पुढं खेळण्यांचं 'हॉल ऑफ फेम' आहे. क्रिकेटपटूंना मान देतात तसा इथं खेळण्यांना देतात. १९९८ साली सुरू झालं ते ओरेगनमध्ये, २००२ पासून इथं. पहिल्याच वर्षी बार्बी आत, लेगो आत, आणि बरोबरीनं आपल्या गोट्याही. वाचून ऊर भरून आला. काठीला मात्र २००८ पर्यंत थांबावं लागलं. भोवऱ्याला तर २०२२ पर्यंत! वशिला सगळीकडे लागतो. पुठ्ठ्याचं खोकं २००५ साली घेतलंय, खेळणं म्हणून. मी ते मोठ्यानं वाचलं ही माझी चूक.

कारण घरी आल्या आल्या ईशाननं गॅरेजमधलं मायक्रोवेव्हचं खोकं ओढत आणलं. त्याला चौकोनी खिडकी कापून हवी. गाडीत मी त्याला बँकेच्या गोष्टी सांगितल्या होत्या, टोकन, सह्यांची कार्डं, सगळं. त्यामुळं आता दुकान नको, बँक हवी. लेकीनं बटाटा अर्धा चिरून त्यावर फूल कोरून दिलं, बशीत जांभळा रंग ओतला. शिक्का तयार.

जेवण बाजूला राहिलं. मी वहीचं पान फाडून स्लिप भरली: रुपये १०० फक्त, तारीख, सही. ईशान खोक्यात मांडी घालून बसलेला, नाकावर माझा चष्मा. त्यानं स्लिप उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

"सही जुळत नाही. उद्या या."

"अहो साहेब, लांबून आलेय मी."

"नेक्स्ट!"

नेक्स्ट लेक होती. तिनं स्लिपबिलिप काही आणली नव्हती. खिडकीतून हात आत घालून बटाटा उचलायला गेली, तर त्यानं तो पोटाशी धरला आणि म्हणाला, "हात लावायचा नाही."