मुरमावरचे चार रविवार

पुण्यात माउंटन बाइक विकत घेणारे पुष्कळ आहेत. ती मातीवर चालवणारे त्या मानाने थोडे. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि मालकाला विचारलं की उत्तर येतं, "एकदा टेकडीवर नेली होती. घसरून पडलो, मग राहूनच गेलं." नवशिक्यांच्या बॅचेस घ्यायला लागल्यापासून आमचं सगळं लक्ष या 'एकदा'वर आहे. शर्यत भरली की लोक बघायला येतात, नवी सायकल आली की महिनाभर उत्साह असतो. खेळात माणूस टिकतो तो मात्र पहिल्या रविवारी धास्ती न घेता घरी गेला आणि दुसऱ्या रविवारी परत आला तरच. त्यासाठी चार रविवारांचा क्रम आम्ही कसा लावतो आणि त्यात कुठे काय बिघडतं, ते इथे सविस्तर लिहितो आहोत.

आधी जागा. पहिले दोन रविवार ट्रेलवर, म्हणजे टेकडीवरच्या कच्च्या पायवाटेवर, जायचंच नाही. साधारण ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, घट्ट मुरमाचा सपाट तुकडा लागतो. एका कडेला हलका उतार असला तर उत्तम. डांबरावर शिकवलं तर चाक कधी सुटतं ते कळत नाही, गवतावर सायकल जड जाते आणि माणूस उगाच दमतो. जमीन खासगी असेल तर मालकाला आधी भेटायचं, वनखात्याची असेल तर लेखी परवानगी काढायची. सहा शिकणाऱ्यांमागे एक शिकवणारा, याहून जास्त माणसं घेऊ नयेत. दहा जण घेतले की रांगेत उभं राहण्यातच सकाळ जाते. उन्हाळ्यात साडेसहाला सुरुवात, नऊला शेवट, आणि माणशी किमान दीड लिटर पाणी.

पहिला पाऊण तास सायकलवर कुणी बसत नाही. हा वेळ वाया जातोय असं काहींना वाटतं, पण नवशिक्याच्या निम्म्या पडण्याचं मूळ सायकल नीट लावलेली नसण्यात असतं, असं आमचं ठाम मत आहे.

सगळ्यात मोठा घोळ हवेचा. बहुतेक सायकली ५०-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून येतात, कारण टायर दगडासारखा टणक झाला की हवा 'बरोबर' भरली अशी समजूत आहे. रस्त्यावर ते चालून जातं. मुरमावरच्या बारीक खड्यांवरून मात्र असा टायर, गोट्यांवर पाय पडावा तसा सरकतो. ट्यूब असलेला २.१ ते २.२५ इंची टायर आणि ६५-७० किलोचा माणूस असेल तर पुढे २८ ते ३० आणि मागे ३० ते ३२ पीएसआय पुरते. फार खाली गेलं तरी पंचाईत: दगडावर आदळताना ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. अशी जोडी दिसली की हवा कमी होती असं समजायचं. एकच बारीक भोक असेल तर काटा.

आणि आपल्या माळावर काटा म्हणजे बाभळीचा. तो टायरमध्ये शिरतो, बाहेरचं टोक रबराला लागून तुटतं, वरून बोट फिरवलं तरी हाताला काही लागत नाही. आतून अर्ध्या मिलिमीटरचं टोक तेवढं डोकावत असतं. घाईत नुसती ट्यूब बदलली की दहा मिनिटांत नवी ट्यूबही पंक्चर होते. म्हणून ट्यूब काढतानाच तिचा व्हॉल्व टायरच्या कुठल्या अक्षरासमोर होता ते लक्षात ठेवायचं, ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधायचं आणि टायरच्या त्याच जागेवर आतून जुना सुती कपडा फिरवायचा. कपड्याचा धागा जिथे अडकेल तिथे काटा. नखाने निघत नाही, बारीक चिमटा लागतो. नाहीतर आतून टोचणीने बाहेर ढकलायचा. ट्यूबलेस टायर असेल तर टायरमागे ६० ते १०० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं चिकट द्रव, घातलं की अशी भोकं चालता चालताच बुजतात, पण ते काही महिन्यांनी सुकतं हे कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावं.

मग ब्रेक. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, बाहेरून आलेल्या काहींना डाव्या. प्रत्येकाने आधी आपला ओळखायचा. ब्रेकचं लिव्हर बहुधा ग्रिपला चिकटवून बसवलेलं असतं, त्यामुळे बोट त्याच्या मधोमध पडतं आणि जोर लावायला तीन-तीन बोटं लागतात. चार किंवा पाच नंबरच्या ॲलन कीने क्लॅम्प सैल करून लिव्हर आतल्या बाजूला सरकवायचं, इतकं की तर्जनी बरोबर त्याच्या टोकाशी यावी. एका बोटाने ब्रेक, बाकीच्या बोटांनी हँडल. एवढ्या एका बदलाने उतारावरची मूठ सैल होते, हात भरून येणं थांबतं.

सीट कसरतींसाठी नेहमीपेक्षा सात-आठ सेंटिमीटर खाली. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्ट्यात एक बोट जाईल एवढीच जागा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघायचं. ते एकटंच फिरलं तर स्टेमचे, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या भागाचे, बोल्ट सैल आहेत. पॅडल साधी सपाट, बूट सपाट तळव्याचे. क्लिपचे, पॅडलमध्ये अडकणारे बूट घालून आलेल्यांना आम्ही ते बदलायला लावतो. पाय पटकन जमिनीवर टेकता येतो हा भरवसा सुरुवातीला फार मोलाचा असतो.

सायकल तयार झाली की उभं राहायला शिकवायचं. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, गुडघे आणि कोपरं वाकलेली, कंबरेतून पुढे झुकलेलं अंग, वजन पायांवर, हात हलके. नवशिका हमखास दोन चुका करतो. एक, गुडघे ताठ ठेवतो, मग प्रत्येक खडा थेट पाठीला लागतो. दोन, कुणीतरी सांगितलेलं असतं की "उतारावर मागे बस", म्हणून पार सीटच्या मागे जातो. तसं केलं की पुढच्या चाकावरचं वजन जातं, ते हलकं होऊन वळणावर सुटतं आणि माणूस म्हणतो, सायकल घसरली. फार तीव्र उतार सोडला तर वजन पॅडलवरच, मधोमध. तळहात हँडलवर दाबले जात नाहीत आणि बोटांनी हँडल ओढावंही लागत नाही, तो मध्य.

ब्रेकच्या कसरतीला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो. सायकलच्या शेजारी उभं राहून ती पुढे ढकलायची आणि फक्त मागचा ब्रेक दाबायचा: चाक लॉक होतं, पण सायकल फरफटत पुढे जाते. आता फक्त पुढचा दाबायचा: सायकल जागीच अडते, मागचं चाक वर उचललं जातं. थांबवण्याचं बहुतेक काम कोण करतो, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. मग चालवत यायचं, जमिनीवर ठेवलेल्या दोन कोनांपासून (प्लॅस्टिकच्या शंकूंपासून) ब्रेक सुरू करायचा आणि दहा मीटरवरच्या दोन कोनांच्या मध्ये थांबायचं. आधी नुसता मागचा, मग नुसता पुढचा, मग दोन्ही. लिव्हर लिंबू पिळल्यासारखं हळूहळू दाबत न्यायचं, झटका द्यायचा नाही. टाचा खाली, म्हणजे अंग पुढे फेकलं जात नाही. ज्यांना "पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो" अशी लहानपणापासूनची भीती असते, त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सहाव्या-सातव्या फेरीला जातो. आम्ही फेऱ्या मोजतो, आठच्या आत थांबत नाही.

नव्या डिस्क ब्रेकला एक गोष्ट लागते: पॅड बसवल्यावर मध्यम वेगातून, पूर्ण न थांबता, पंधरा-वीस वेळा ब्रेक लावायचा. हे केलं नाही तर ब्रेक किंचाळतो आणि पकडत नाही, आणि शिकणारा स्वतःलाच दोष देत बसतो. चेनला तेल फवारताना ते डिस्कवर उडालं तरी तेच होतं.

दुसरा रविवार वळणांचा. पाच मीटर अंतराने सहा कोन, त्यांच्यातून नागमोडी. अंग झुकवायचं नाही, सायकल खाली झुकवायची, बाहेरच्या पायावर दाब, ब्रेक वळणाआधी. नजर कोनावर गेली की चाक कोनावरच जातं. "काका, नजर वर, पुढच्या कोनाकडे" हे वाक्य त्या सकाळी किती वेळा म्हणावं लागतं त्याला हिशेब नाही. नंतर दहा सेंटिमीटर जाडीचा ओंडका आडवा टाकून पुढचं चाक त्यावरून न्यायचं. हाताने हँडल खेचण्यापेक्षा आधी अंग खाली दाबून मग मागे न्यायचं. चढाचं थोडक्यात सांगायचं तर गिअर चढ लागायच्या आधी हलका करायचा. जोर लावताना बदलला की चेन कडकडते, कधी तुटते.

तिसऱ्या रविवारी ट्रेल. तीन किलोमीटरची फेरी, एक शिकवणारा पुढे, एक शेवटी. अवघड टप्पा आला की सायकली आडव्या ठेवून सगळ्यांनी तो आधी चालत बघायचा. उतरून सायकल हातात धरून नेली तर कुणी हसायचं नाही, हा नियम आम्ही मोठ्याने सांगतो. सायकल उजव्या कुशीवर पडली असेल तर निघण्याआधी मागून डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) बघायचा. तो ज्यावर बसवलेला असतो तो हँगर वाकलेला असेल आणि हलका गिअर टाकला, तर डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो आणि सगळ्यांची सकाळ तिथेच संपते.

ट्रेलवर वागायचं कसं, याचा धडा तंत्राइतकाच महत्त्वाचा. चालणाऱ्याला पहिला मान, चढणाऱ्याला दुसरा. मागून जाताना वेग कमी करून सांगायचं, "आजी, मागून अजून तीन सायकली आहेत." आकडा सांगितला की समोरचा माणूस एक गेली म्हणून वाटेत परत येत नाही. गुरं आडवी आली तर घंटी वाजवायची नाही, थांबायचं. गुराखी हाकतो आणि वाट मोकळी होते. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, जिथे १९७०च्या दशकात हा खेळ घडला, तिथेच पुढे कित्येक पायवाटा सायकलींना बंद झाल्या, कारण चालणाऱ्यांशी आणि घोडेस्वारांशी खटके उडायला लागले. अशाच बंदीच्या काळजीतून कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी १९८८ साली इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन केली. १९९६ला अटलांटात या खेळाला ऑलिम्पिकमध्ये जागा मिळाली, पण पायवाटांवरचा वाद त्याने मिटला नाही. आपल्या टेकड्यांवर पहाटे चालायला येणारे शेकडो लोक आहेत. त्यांच्याशी बिघडलं तर शिकवायला जागाच उरणार नाही.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. मुरमातून पाणी लवकर निचरतं, एक-दोन दिवसांच्या उघडिपीनंतर चालवता येतं. काळ्या मातीचा पट्टा असेल तर वर्ग सरळ पुढे ढकलायचा. ती माती टायर आणि पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या मध्ये बसत जाते आणि पन्नास मीटरवर चाक फिरायचं थांबतं. ओल्या वाटेवर उमटलेली चाकोरी वाळली की पुढचा सगळा हंगाम तशीच राहते.

चौथ्या रविवारी पुन्हा तीच फेरी, पण या वेळी शिकणाऱ्यांपैकी एकेकाला पुढे घालायचं. अमेरिकेत २००९ मध्ये सुरू झालेली नॅशनल इंटरस्कोलास्टिक सायकलिंग असोसिएशन शाळकरी मुलांच्या लीग चालवते. तिथे राखीव खेळाडू नसतात, येईल ते प्रत्येक मूल चालवतं, आणि पालकांनाही प्रशिक्षक म्हणून तयार करतात. ही दुसरी गोष्ट आम्ही उचलली. बॅच संपल्यावर ज्यांची इच्छा असेल त्यांना पुढच्या बॅचला मदतनीस म्हणून बोलावतो: कोन लावणं, हवा मोजणं, शेवटी राहणं. ब्रेकची भीती महिन्याभरापूर्वीच गेलेली ताई नव्या मुलीला जे सांगते ते तिला आमच्यापेक्षा लवकर पटतं. बायकांची वेगळी बॅच आणि छोट्या मापाच्या दोन उसन्या सायकली ठेवल्यापासून "सायकल नवऱ्याची आहे, मला उंच पडते" म्हणून परत जाणं थांबलं.

शेवटचा अर्धा तास फावडं आणि घमेलं. मागचं चाक लॉक करून ओढलेल्या खुणा वळणांच्या आधी स्पष्ट दिसतात. दोन बोटं खोल अशी खूण पहिल्या पावसात ओहोळ होते आणि दोन पावसांत घळ. कडेचा मुरूम भरायचा, बाटलीतलं उरलेलं पाणी शिंपडायचं, पायाने दाबायचं. जो जिथे घसरला त्याने तिथली खूण बुजवायची.