वेग आणि त्वरण: सरांनी उलगडलेला भेद

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना आठवणी अनेक दाटून येतात. परंतु ज्या एका संकल्पनेने माझ्या विचारांना शिस्त लावली, तिच्याविषयीच लिहावे असे मी ठरवले आहे. ती संकल्पना म्हणजे त्वरण. नववीत आम्हांला विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी या विषयाला दिलेला वेळ अभ्यासक्रमाच्या हिशेबात बसणारा नव्हता, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

वेगातील बदलाचा दर म्हणजे त्वरण, ही व्याख्या पाठ करायला एक मिनिट पुरते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. वेग हा मुळातच एक दर आहे. स्थान किती झपाट्याने आणि कोणत्या दिशेने बदलते ते तो सांगतो. त्या दराचा पुन्हा दर काढायचा, ही गोष्ट मन सहजासहजी स्वीकारत नाही, आणि म्हणून जास्त वेग म्हणजे जास्त त्वरण असा समज बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात घर करून बसतो. सरळ रस्त्यावर ताशी 100 किलोमीटर या स्थिर वेगाने धावणाऱ्या गाडीचे त्वरण शून्य असते, तर जागेवरून नुकत्याच हललेल्या गाडीचा वेग नगण्य असूनही तिचे त्वरण बरेच मोठे असू शकते. हे नुसते ऐकून पटत नाही. ते आकड्यांत पाहावे लागते.

सरांनी ते आकड्यांतच दाखवले. मधोमध खोबण असलेली एक लांब फळी त्यांनी टेबलावर ठेवली, तिचे एक टोक किंचित उचलले आणि शेजारी सुमारे एक मीटर लांबीचा लंबक टांगला. अशा लंबकाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला जवळजवळ एक सेकंद लागतो. लोखंडी गोळी वरून अलगद सोडायची आणि लंबकाच्या प्रत्येक फेरीला ती जिथे पोहोचली असेल तिथे खडूने खूण करायची, एवढाच तो प्रयोग. नजरेने केलेल्या या मोजणीत थोडा फरक पडे, आणि सर तो फरकही तक्त्यात जसाच्या तसा लिहायला लावत; तरीही खुणा 10, 40, 90 आणि 160 सेंटिमीटरच्या आसपास येत. मग लागोपाठच्या सेकंदांत कापलेली अंतरे आम्ही वजाबाकीने काढली: 10, 30, 50, 70. त्यांचीही वजाबाकी केली, तेव्हा प्रत्येक वेळी 20 उरले. गोळी दर सेकंदाला वाढते अंतर कापत होती, पण ती वाढ मात्र ठरलेली होती. तिचा सेकंदाला इतके सेंटिमीटर असा मोजलेला वेग दर सेकंदाला 20 ने वाढत होता. त्वरणाच्या एककात सेकंदाचा वर्ग का येतो, याचे उत्तर त्या दुसऱ्या वजाबाकीत आहे. फळीचा उतार वाढवला की हा 20 चा आकडा वाढे, परंतु 1, 3, 5, 7 हे गुणोत्तर तसेच राही.

हेच गुणोत्तर गॅलिलिओने 1638 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले होते. मोकळी सोडलेली वस्तू पहिल्याच सेकंदात सुमारे 4.9 मीटर खाली येते, आणि तेवढ्या अवधीतील बारकावे टिपणारी घड्याळे त्या काळी नव्हती. म्हणून त्याने उतारावरून गोळा सोडून पडण्याची क्रियाच संथ केली आणि भांड्यातून बारीक धारेने वाहिलेले पाणी तोलून काळ मोजला. मोजता येत नसलेल्या गोष्टीला मोजता येईल असे रूप देण्याची ही हातोटी मला नियमाइतकीच मोलाची वाटते.

त्यानंतरचा प्रश्न अधिक कठीण होता. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती? वर्गातील बहुतेकांनी शून्य असे उत्तर दिले. सरांनी ते खोडून न काढता विचारले, की त्या क्षणी वेगही शून्य आणि वेगातील बदलही शून्य असेल, तर चेंडूने खाली का यावे? तो तिथेच अधांतरी राहायला हवा. मग फळ्यावर आलेख काढला. हवेचा विरोध सोडून दिला, तर सेकंदाला 19.6 मीटर वेगाने वर फेकलेल्या चेंडूचा वेग एका सेकंदानंतर 9.8, दोन सेकंदांनंतर शून्य आणि तीन सेकंदांनंतर उणे 9.8 होतो. रेषा सरळच राहते, अक्ष ओलांडतानाही तिचा चढ बदलत नाही, आणि तो चढ म्हणजेच त्वरण. ऋण त्वरण म्हणजे गती मंदावणे, असे अनेक ठिकाणी शिकवले जाते. परंतु हाच चेंडू खाली येताना अधिकाधिक जलद होत असतो आणि त्वरण तेव्हाही उणेच असते. चिन्ह दिशा सांगते, याहून अधिक काही नाही. सूत्रे आधी देऊन आलेख नंतर काढण्याची पद्धत मला म्हणूनच चुकीची वाटते. वेग आणि काळ यांच्या आलेखाचा चढ व त्याखालचे क्षेत्रफळ ज्याला समजले, त्याला गतीची समीकरणे स्वतः मांडता येतात.

वर्तुळाकार गतीपाशी सर शेवटी आले. चाल तीच राहून केवळ दिशा बदलत असली, तरी वेग बदलतो, म्हणून त्वरण असते आणि ते केंद्राकडे असते. उदाहरण म्हणून त्यांनी न्यूटनने 1687 च्या ग्रंथात दिलेला चंद्राचा पडताळा निवडला. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे 60 पट दूर आहे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर तिथले त्वरण इथल्याच्या 3600 व्या भागाइतके असले पाहिजे. पडण्याचे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आम्ही फळीवर मोजलेच होते, आणि एका मिनिटातील सेकंदांचा वर्गही 3600 च होतो. त्यामुळे इथे वस्तू एका सेकंदात जितकी पडते, तितकाच चंद्र एका मिनिटात आपल्या सरळ मार्गापासून पृथ्वीकडे वळला पाहिजे. चंद्राच्या कक्षेची त्रिज्या आणि सुमारे 27.3 दिवसांचा प्रदक्षिणाकाळ घेऊन आम्ही वहीत ते अंतर स्वतंत्रपणे काढले, तेव्हा उत्तर 4.9 मीटरच्या जवळच आले.