तळ्याकाठचे सात स्वर: हिवाळ्याअखेरची नोंद

सातांपैकी दोन स्वर हाती आले: मध्यम आणि गांधार. चार पुढच्या महिन्यांवर आहेत आणि एक रिकामाच राहणार.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सात स्वरांना सात प्राणी जोडलेले आहेत: षड्जाला मोर, ऋषभाला चातक, गांधाराला बोकड, मध्यमाला क्रौंच, पंचमाला कोकीळ, धैवताला बेडूक, निषादाला हत्ती. सातांतले चार पक्षी. देवगिरी गोदावरीच्याच मुलखात, म्हणून ही यादी गोदाकाठच्या एकाच पाणथळीवर चालून, ऐकून भरायची आणि प्रत्येक आवाजावर गटातल्या दूरदूरच्या गाणाऱ्यांनी आलाप करायचा, असं हे काम आहे. जागा नांदूर मध्यमेश्वर, निफाड तालुका. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून ही दलदल तयार झाली. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) हेच. (जागेचं नाव मध्यमेश्वर आणि पहिला स्वर मध्यम मिळाला, हा निव्वळ योग, पण गटात सगळ्यांना फार आवडलेला.)

क्रौंच

क्रौंच थंडीत येतात आणि उन्हाळा लागायच्या आत परततात, त्यामुळे हा स्वर थांबवून ठेवता येत नाही. रात्री ते उथळ पाण्यात उभे असतात आणि उजाडताना शेतांकडे उडतात. उडण्याआधीची आणि उडतानाची हाक सगळ्यात मोकळी असते. जानेवारीत इथला सूर्योदय सव्वासाताच्या जरा आधी. माइक सहापर्यंत लावून माणसांनी तिथून शंभर-दीडशे पावलं मागे सरायचं. पक्ष्यांच्या दिशेने चालत जाऊन ध्वनिमुद्रण करू नये. थवा उठतो, हाक धोक्याची होते आणि मुद्रण वाया जातं ते वेगळंच. पक्षी जवळ यावा म्हणून त्याचाच मुद्रित आवाज वाजवणं आमच्या फेऱ्यांत पूर्ण बंद आहे.

पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज खाली वाकून लांबवर जातो. क्रौंच दूर असूनही स्पष्ट येतो तो यामुळेच. पण त्याच हवेतून गावातला भोंगा, द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर आणि काठावरचे पंपही येतात. शेतीपंपांची वीज बऱ्याच ठिकाणी पाळीने मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटेचं मुद्रण जवळजवळ हमखास बिघडतं. फेरी ठरवण्याआधी काठच्या शेतकऱ्याला पाळी विचारा. पक्ष्यांच्या वेळापत्रकाइतकंच हे महत्त्वाचं.

माइक

रेकॉर्डरच्या अंगचे माइक टिटवीला पुरतात, दूरच्या क्रौंचाला नाही. गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) चढवला की माइकचाच खरखराट वर येतो. सध्याच्या जोडीत प्रायमो ईएम २७२ या दोन कॅप्सूल (माइकचा आवाज टिपणारा गाभा) आहेत. त्यांचा स्वतःचा आवाज १४ डेसिबल-ए एवढा कमी. मांडणी: दोन कॅप्सूल, पातळ शील्डेड वायर, ३.५ मिमीचा स्टिरिओ जॅक. कॅप्सूलच्या ज्या पॅडला बाहेरचं कवच जोडलेलं दिसतं तो ग्राउंड. जॅकचं टोक डावीकडच्या माइकला, मधली कडी उजवीकडच्या, मागचा भाग ग्राउंडला. सोल्डरचा डाग देताना तापलेलं टोक पॅडवर दोन सेकंदांच्या वर टेकवू नका, उष्णतेने कॅप्सूल बहिरी होते. रेकॉर्डरवर ‘प्लग-इन पॉवर’ (जॅकमधूनच माइकला मिळणारी वीज) सुरू हवी. ती बंद राहिली तर मीटर जरासा हलतो, माणसाला वाटतं चालू आहे, आणि घरी येऊन बघावं तर नुसती फुसफूस.

दोन्ही कॅप्सूल बाभळीच्या १५ ते २० सेंमी जाडीच्या बुंध्याच्या दोन अंगांना, साधारण छातीच्या उंचीवर, पट्ट्याने बांधायच्या. बुंधा मधला पडदा होतो. डावं-उजवं नैसर्गिक वाटतं आणि पाठीमागच्या रस्त्याचा आवाजही थोडा अडतो. प्रत्येक कॅप्सूलवर आधी स्पंज, त्यावर लांब केसांचं फरचं टोपरं. नुसता स्पंज तळ्याकाठी पुरत नाही. फर कॅप्सूलला चिकटूनही चालत नाही, मध्ये दीड-दोन सेंमी मोकळी हवा हवी. वारा त्या पोकळीत मरतो.

अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो. गेनचं बटण फिरवण्यापेक्षा जागा नीट निवडण्यात जास्त फायदा आहे.

सेटिंग: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही, स्टिरिओ. तासाला साधारण १.०४ जीबी. लेव्हल टिटवीवर बेतायची, क्रौंचावर नाही. क्रौंचासाठी उघडून ठेवलेला गेन टिटवी डोक्यावरून ओरडत गेली की फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. सर्वांत मोठी हाक उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये. रेकॉर्डरचा लो-कट (खालचे सूर गाळणारी सोय) बंद ठेवा. भारद्वाजाचा खोल हुंकार त्यात पातळ होतो. घरी ८० हर्ट्झखाली कापलं तरी चालतं.

निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे, पारा एक आकड्यावर उतरतो. साध्या अल्कलाइन सेलचा जीव अशा वेळी निम्म्यात जातो. रिचार्जेबल निकेल-मेटल सेल टिकतात. आणि मुद्रण संपल्यावर गार रेकॉर्डर थेट गाडीच्या उबेत उघडू नका. सिलिका जेलची पुडी टाकलेल्या बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या. कॅप्सूलवर दव धरलं की तडतड येते. ती वाळल्यावर जाते, पण त्या दिवसाचं मुद्रण गेलेलंच असतं.

पाण्याखाली

हा सातांबाहेरचा उद्योग, पण ऐकणाऱ्यांनी उचलून धरला म्हणून नोंद. २७ मिमीची पिझो चकती (कंपांचं विजेत रूपांतर करणारी), शील्डेड वायर, वरून इपॉक्सीचे दोन हात. वायरची जाळी पितळेला, आतली तार पांढऱ्या सिरॅमिकला. सिरॅमिकवरचा चांदीचा थर चटकन उचलला जातो, म्हणून डाग एका दमात द्यायचा.

बहुतेकांचं इथे अडतं: चकती थेट माइकच्या भोकात लावली की आवाज पत्र्यासारखा येतो. चकतीची धारिता सुमारे २० नॅनोफॅरड आणि रेकॉर्डरच्या इनपुटचा रोध १० किलोओहम धरला तर साधारण ८०० हर्ट्झखालचं सगळं गळून जातं. मध्ये एका जेफेटचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बफर घालून गेटवर १ मेगाओहम ठेवला की ती सीमा ८ हर्ट्झवर उतरते. बफर स्वतःच्या बॅटरीवर असेल तर प्लग-इन पॉवर मात्र बंद. माइकच्या अगदी उलट, आणि दोन्ही एकाच पिशवीत असल्याने चूक होतेच. जॅकला लाल-हिरवी टेप लावा.

चकतीच्या वर एक हात अंतरावर जड नट बांधायचा, तळाला टेकू द्यायची नाही, वायर पाणवनस्पतींना घासू द्यायची नाही. पाण्यातले कीटक करकरतात ते लगेच कळतं. ऊन चढलं की बारीक टिकटिक वाढत जाते: पाण्याखालच्या वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात, त्याचे बुडबुडे सुटण्याचा तो आवाज. सकाळी सात आणि अकराचं मुद्रण शेजारी ठेवून ऐका. गटातल्या एकाही गाणाऱ्याला हे आधी माहीत नव्हतं आणि सर्वांत जास्त प्रश्न याच तुकड्यावर आले.

आवाजातून षड्ज काढणं

पक्षी आपल्या काळी एकला बांधलेला नाही. त्याचा आवाज ताणून सुरात बसवणं सोपं आहे, पण मग तो क्रौंच राहत नाही. म्हणून उलट करायचं: हाक तशीच ठेवायची आणि षड्ज तिच्यावरून ठरवायचा.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाकेचा सर्वांत स्थिर तुकडा निवडा, निदान ०.२ सेकंदाचा. ‘प्लॉट स्पेक्ट्रम’मध्ये साइझ ८१९२ ठेवा. ४०९६ वर मोजणीचं एक घर ११.७ हर्ट्झचं होतं, म्हणजे ८८० हर्ट्झच्या आसपास २३ सेंट (एका स्वरस्थानाचे शंभर सेंट). श्रुतीच्या हिशोबात ते जाडजूड आहे. ८१९२ वर ते निम्मं होतं. आता समजा ठळक कंपनसंख्या ८८० आली आणि तिला मध्यम मानायचं आहे: ८८० ला ४/३ ने भागा, षड्ज ६६०. दोन सप्तकं खाली १६५ हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ नेमकी पांढरी तीन. पंचमासाठी ३/२ ने भागायचं. गांधाराला मात्र ५/४ नाही. शार्ङ्गदेवाच्या काळचं शुद्ध सप्तक आजच्या बिलावलचं (सगळे स्वर शुद्ध) नव्हे, ते काफीच्या (गांधार-निषाद कोमल) जवळचं. म्हणून बोकडाला कोमल गांधाराचं ३२/२७ हे गुणोत्तर लावलं. काठावर चरणाऱ्या शेळ्या-बोकडांमुळे हा स्वर सर्वांत स्वस्तात मिळाला, पण त्यात कंप इतका की स्थिर तुकडा शोधायला क्रौंचापेक्षा जास्त वेळ गेला.

क्रौंचावर ललत ठरला. पहाटेचा राग, दोन्ही मध्यम, शुद्ध मध्यमाला मान. ललतात पंचम नाही, त्यामुळे तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात हवी. तंबोऱ्याच्या ॲपमध्ये ती मुळातच पंचमात असते आणि बदलायची राहते. परत आलेल्या तुकड्यांत सर्वांत जास्त चुका याच आहेत. त्यावर उपाय एकच निघाला: तंबोरा प्रत्येकाने आपापला न लावता पाया-ट्रॅकमध्येच (गाणाऱ्याला पाठवायच्या मूळ मुद्रणात) भरून पाठवायचा. तोही २ किलोहर्ट्झच्या वर हळूहळू उतरवून, कारण टिटवी आणि बरेच पाणपक्षी त्याच वरच्या पट्ट्यात बोलतात आणि जवारीचे स्वयंभू (तारेतून उठणारे वरचे उपस्वर) त्यांच्यावर चढतात.

देवाणघेवाण

एकाच वेळी जोडून गाणं सोडून दिलं. लयीत साथ करायला २५-३० मिलिसेकंदांच्या वर उशीर चालत नाही. नाशिक ते न्यू जर्सी सरळ रेषेतच साडेबारा हजार किमीच्या आसपास, आणि काचेच्या तारेतून प्रकाशालाही एका दिशेने ६० मिलिसेकंद लागतात. कुठलंही ॲप हे अंतर कमी करू शकत नाही. म्हणून पाया-ट्रॅक पाठवायचा आणि आलाप परत मागवायचा.

पाया पाच मिनिटांचा, सलग, मध्ये काहीही न कापलेला. सुरुवातीला दोन टाळ्या. गाणाऱ्याने एका फोनवर हेडफोनने ऐकायचं, दुसऱ्यावर रेकॉर्ड करायचं, आणि टाळ्या होईपर्यंत हेडफोनची एक बाजू माइकला टेकवून धरायची. त्या टाळ्यांवर दोन्ही ट्रॅक बरोबर बसतात. एकाच फोनवर ब्लूटूथने दोन्ही कामं करू नका. तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज डबक्यात पडल्यासारखा येतो.

परत आलेला आलाप एकसारखा चढा किंवा उतरता वाटला तर गाणाऱ्याला बोल लावण्याआधी फाइल तपासा. ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजली की सूर जवळजवळ दीड स्वरस्थान वर जातो. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. झूमवर एकत्र ऐकताना ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा, नाहीतर ते वारकरी पक्ष्यांचा गलका आणि तंबोरा दोन्ही गोंगाट समजून पुसून टाकतं.

एक नियम पहिल्या तुकड्यापासून पाळला आहे: पक्षी बोलेल तिथे गाणाऱ्याने थांबायचं, मिक्समध्ये पक्ष्याला खाली करायचं नाही. अबू धाबीहून आलेल्या एका आलापात अडई बदकांच्या थव्याची दोन सुरांची शीळ सुरू होते आणि मींड अर्ध्यावर सोडून गाणारी थांबते, शीळ दूर जाईपर्यंत. नांदूरचं पाणी न पाहिलेल्या माणसाने ते इतक्या आदराने ऐकलं, हे त्या पाच मिनिटांत स्पष्ट ऐकू येतं.

मूळ मुद्रणं झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर जातात. सोबत तारीख, वेळ, ठिकाण, हाकेचा प्रकार आणि आपण पक्षी पाहिला की फक्त ऐकला हे लिहा. आवाज-सफाईचे फिल्टर लावलेली फाइल अभ्यासाला निरुपयोगी, ती फक्त गाण्यासाठी. परवाना निवडताना गटातल्या गाणाऱ्यांना वापरता येईल असाच निवडा, बदल करू न देणारा घेतलात तर त्यावर आलाप चढवणंही अडतं.

उरलेले

कोकीळ मार्चपासून. त्याची हाक चढत जाते, त्यामुळे स्थिर तुकडा बहुधा शेवटच्या टोकाला सापडेल, तोच मोजायचा. मोराची हाकही घसरती, पण मध्यावर ती क्षणभर टिकते. चातक पावसाबरोबर येईल, बेडूक पहिल्या मोठ्या सरीनंतरच्या रात्री, आणि त्यासाठी माइकना फरवरून नारळाच्या काथ्याचं छप्पर लागेल. थेंब ताणलेल्या कापडावर टपटपतो, काथ्यात मुरतो.

हत्ती गोदाकाठी नाही. दुसरीकडचा आणून घालायचा नाही असं ठरलं आहे. निषादाच्या पाच मिनिटांत तळं एकटंच वाजेल, तंबोरा फक्त षड्जाचा, आणि निषाद गाणाऱ्याने आपला आपण लावायचा.