चोवीस पोरं आणि चोवीस बोर्ड: पीसीबी वर्कशॉपच्या तयारीचा माझा अनुभव

भोसरीत एका छोट्या युनिटमध्ये मी गेली अकरा वर्षं पीसीबी लेआउटचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डवर पार्ट आणि तांब्याच्या वाटा कुठे येणार ते आखायचं, काम करतोय. मागच्या पावसाळ्यात आमच्या पॉलिटेक्निकच्या जुन्या सरांचा फोन आला, म्हणाले, "अरे सेकंड इयरच्या पोरांसाठी एखादं वर्कशॉप घे की, थिअरी आम्ही देतो, तू हाताला काम लागेल असं दे." मी लगेच हो म्हटलं आणि त्याच रात्री स्लाइड्स करायला बसलो.

एका रविवारचे सहा तास आणि चाळीस स्लाइड्स असा माझा पहिला प्लॅन होता. लेयर, व्हाया (दोन थरांतलं तांबं जोडणारी भोकं), ग्राउंड प्लेन, ट्रॅकची (तांब्याच्या वाटेची) रुंदी, मला जे जे येतं ते सगळं त्यात भरलं होतं. आमच्या असेंब्लीला एक ताई आहेत, वीस वर्षं सोल्डरिंग करतायत, त्यांना दुपारच्या डब्याच्या वेळी दाखवलं तर त्यांनी शांतपणे सगळं बघितलं आणि विचारलं, "दादा, पण ह्यात बोर्ड कधी येतो पोरांच्या हातात?"

येतच नव्हता. स्क्रीनवर डिझाइन करून पोरं घरी जाणार होती.

मग मी प्लॅन उलट्या टोकाने मांडला. शेवटी प्रत्येकाच्या हातात स्वतःचं नाव असलेला बोर्ड आणि त्यावर लुकलुकणारा एलईडी, हे पक्कं केलं आणि त्यासाठी आधी काय काय लागेल ते मागे मागे जात लिहिलं. बोर्ड बनून यायला वेळ लागतो म्हणून एकाचे दोन रविवार झाले, मध्ये तीन आठवडे. कॉलेजच्या लॅबमध्येच फेरिक क्लोराइडने एचिंग करू, म्हणजे बोर्डवरचं नको असलेलं तांबं विरघळवू, असाही विचार होता, घरी मी तसंच शिकलो, पण चोवीस पोरं, सगळ्यांच्या कपड्यांवर ते पिवळे डाग, आणि तांबं विरघळलेलं ते पाणी बेसिनमध्ये ओतता येत नाही, ते साठवून नीट विल्हेवाट लावावी लागते. म्हणून एकच बोर्ड डेमोला एच करायचा आणि बाकीचे बोर्ड बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यायचे ठरवलं.

बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर कायकॅड घेतलं. मी स्वतः ईगल ह्या तशाच सॉफ्टवेअरवर शिकलोय, पण ऑटोडेस्क कंपनीने ते जून २०२६ पासून बंद करायचं जाहीर केलं होतं, मग नवीन पोरांना त्यावर कशाला बसवायचं. कायकॅड १९९२ मध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी फ्रान्समध्ये सुरू केलं, पुढे सर्न ह्या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेनेही त्याच्या कामात हातभार लावला, ते पूर्ण फुकट आहे आणि बोर्डच्या साइजला मर्यादा नाही, म्हणजे पोरगं कॉलेजमधून बाहेर पडलं तरी हातातलं हत्यार जात नाही. फक्त इन्स्टॉलर एक जीबीच्या वर जातो. लॅबच्या वायफायवर चोवीस जणांनी एकदम डाउनलोड लावलं असतं तर अख्खी सकाळ गेली असती म्हणून मी चार पेनड्राइव्ह भरून आदल्या आठवड्यातच पाठवले, सगळे एकाच व्हर्जनचे, कारण नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही.

सर्किट ५५५ टायमरचं, म्हणजे ठरावीक वेळाने चालू-बंद करणाऱ्या आयसीचं. १ के आणि ६८ के चे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो, नऊ व्होल्टची बॅटरी चालते, आणि सगळा माल बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एका फेरीत मिळतो. आयसीला सॉकेट मुद्दाम घेतलं, पहिल्यांदा सोल्डर करणारा हात एका पायावर किती वेळ टेकेल सांगता येत नाही, तापून आयसी जायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे पोरं अडकतात कुठे. मला वाटलं होतं ट्रॅक ओढताना अडकतील. तसं अजिबात झालं नाही, ट्रॅक ओढायला तर त्यांना मजा आली, एकमेकांची स्क्रीन बघून "तुझा किती व्हाया? माझा एकपण नाही" असं चाललं होतं. अडकली ती त्याच्या आधी. स्केमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, बरोबर काढूनही ईआरसी, म्हणजे जोडण्यांची तपासणी, चालवलं की एरर, पॉवर पिनला पॉवर कुणी देत नाहीये म्हणे. बॅटरी कनेक्टर तर जोडलाय! पण कायकॅडच्या दृष्टीने कनेक्टरची पिन नुसती पिन आहे, तिथून पॉवर येते हे त्याला पॉवर फ्लॅग लावून सांगावं लागतं, प्लसला एक आणि ग्राउंडला एक. हे मी रोज डोळे मिटून करतो म्हणून प्लॅनमध्ये लिहिलंच नव्हतं, आणि त्यात पाऊण तास गेला. आता ती पाचच मिनिटांची पण वेगळी पायरी करून ठेवलीय.

दुसरी अडचण फूटप्रिंटची, म्हणजे बोर्डवर पार्ट बसायच्या जागेच्या मापाची. रेझिस्टर म्हटलं की यादीत ढीगभर नावं येतात, एकाने अडीच मिलिमीटर अंतराचा उभ्या रेझिस्टरचा घेतला, एकीने एसएमडीचा, म्हणजे भोकाशिवाय वरच सोल्डर करायच्या पार्टचा. त्यासाठी मी कागदाची चाचणी ठेवली होती आणि तिच्यावर मी पूर्ण एक तास दिला, तो तास कधीही कापणार नाही. बोर्डची एकास एक प्रिंट काढायची, थर्माकोलच्या तुकड्यावर चिकटवायची आणि खरे पार्ट त्यात टोचायचे. टोचताना पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, रेझिस्टरचे पाय बसले नाहीत की लगेच कळतं, सांगावं लागत नाही. पण त्याआधी पट्टीने बोर्डची कड मोजायला लावा. आमच्या प्रिंटरवर फिट टू पेज चालू राहिलं होतं आणि ५० मिलिमीटरचा बोर्ड ४८ चा आला, पहिल्या तिघांना उगाच वाटलं आपलंच चुकलं.

बोर्डचं माप सगळ्यांना एकच दिलं होतं, ५० बाय ३०. त्यामुळे रात्री बसून मी चोवीस फाइली एका पॅनलमध्ये, म्हणजे एकाच मोठ्या बोर्डवर, सहा बाय चार लावल्या. नावं पोरांनी सिल्कस्क्रीनवर, म्हणजे बोर्डवरच्या छपाईत, देवनागरीत टाकली, कायकॅड ७ पासून आपले नेहमीचे फॉन्ट चालतात. अक्षर फार बारीक ठेवलं तर मात्रा आणि जोडाक्षरं भरून जातात म्हणून दोन मिलिमीटरच्या खाली जायचं नाही असं सांगितलं. फाइली पाठवल्या आणि दोन दिवसांनी फॅब्रिकेटरचा मेल, ड्रिल फाइल नाही. गर्बर, म्हणजे थरांच्या फाइली, प्लॉट केल्या पण भोकांच्या ड्रिल फाइलचं बटण वेगळं असतं, ते घाईत राहून गेलं. पुन्हा पाठवलं, ते दोन दिवस मात्र गेले.

दुसऱ्या रविवारी ताई आल्या. मी बोललो दहा मिनिटं, बाकी दिवस त्यांचा. आधी पॅड, म्हणजे भोकाभोवतीचं तांबं, तापवायचं, मग सोल्डरची वायर लावायची, आयर्नची टीप पुसायची, घाई नाही. दुपारपर्यंत बरेच एलईडी लुकलुकायला लागले आणि सहा बोर्ड मात्र गप्प. सहाही जणांचा एलईडी उलटा. का, तर चौकोनी पॅड म्हणजे प्लस असं त्यांनी धरलं होतं, आणि कपॅसिटरला ते खरंच आहे, पण कायकॅडच्या एलईडीला एक नंबरची पिन म्हणजे कॅथोड, म्हणून तिथे चौकोनी पॅड मायनसचं. पोरांनी विचार करूनच लावला होता, सांगायला मी चुकलो.

त्यातली एक मुलगी रडकुंडीला आली होती, बोर्ड वाया गेला वाटलं तिला. ताईंनी तिच्या शेजारी स्टूल ओढलं, दोन्ही पॅडवर थोडं जास्त शिसं घातलं, आयर्न इकडून तिकडे फिरवत एलईडी अलगद ओढून काढला, भोकं पंपाने मोकळी केली आणि मग आयर्न तिच्याच हातात दिलं. "लांब पाय गोल भोकात, लाव आता." बॅटरी लावली, लुकलुकला. ती बराच वेळ बोर्ड उलटासुलटा करून बघत होती, नावाकडे जास्त.

पुढच्या बॅचला थर्माकोलच्या चाचणीतच एलईडीचा लांब पाय कुठे ते पेनने लिहून घ्यायचंय. सरांनी तारीख दिलीय, ताईंनी त्या रविवारी यायचं कबूल केलंय, आणि पेनड्राइव्ह ह्यावेळी सहा भरतोय.