कोर्टासमोर म्हणजे नक्की कुठे?

काय करतेस असं कुणी विचारलं की मी 'हॉस्पिटलमध्ये आहे' एवढंच सांगून मोकळी होते, कारण पुढचं समजावत बसलं की चहा गार होतो. नर्स का? नाही. रिसेप्शन? तेही नाही. ॲम्ब्युलन्ससाठी फोन येतो तो मी घेते आणि गाडी मीच सोडते. 'म्हणजे रिक्षा स्टँडसारखंच की' असं आमची एक मावशी म्हणाली होती, आणि खरं सांगू का, रात्री अडीचला तीनपैकी दोन गाड्या बाहेर असतात आणि तिसरीचा पायलट जेवायला बसलेला असतो तेव्हा मला मावशीचंच बरोबर वाटतं.

पायलट म्हणजे ड्रायव्हर. 108 च्या गाड्यांवर ड्रायव्हरला पायलट म्हणतात, तिथूनच हा शब्द आमच्याकडे आला असणार. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या पायलटला तो इतका आवडलाय की नुसती 'दादा' अशी हाक मारली तर ते ऐकू आलं नाही असं दाखवतात.

माझं टेबल म्हणजे दोन फोन, स्पंज निघालेला एक हेडसेट, आणि भिंतीवर बडोद्याचा मोठा नकाशा ज्याच्याकडे कुणी बघत नाही. ट्रेनिंगमध्ये पहिली गोष्ट शिकवली ती ही की 'काय झालं' नंतर, आधी 'कुठे'. काय झालंय ते कळलं नाही तरी गाडी निघू शकते, कुठे ते कळलं नाही तर कुठली गाडी आणि कुठलं काय. पण फोन करणारा माणूस नेमका उलटा सुरू होतो. काकांना सकाळपासूनच बरं नव्हतं, मी म्हणत होते पंखा जोरात लावू नका, ऐकतील तर ना, वहिनी पण इथे नाहीये, ती सुरतला गेलीय... आणि मी मध्ये मध्ये 'पत्ता सांगा, पत्ता सांगा' करत असते तर समोरून ओरडा, अहो प्रश्न काय विचारत बसलाय, आधी गाडी पाठवा! काही जण तर 'बेन, जल्दी गाडी मोकलो' एवढंच म्हणून फोन ठेवून देतात, मग मी परत लावायचा तर एंगेज, कारण तोवर ते सुरतला वहिनीला फोन करत असतात.

आणि पत्ता सांगितलाच तर तो बडोद्याचा पत्ता असतो, म्हणजे निम्मा भूतकाळात. पूर्वी जिथे सायकलवाला होता त्याच्या समोर. ती टॉकीज होती ना, तिच्या मागे. आता कोर्टाचंच घ्या. न्यायमंदिराच्या इमारतीतलं कोर्ट 2018 ला दिवाळीपुऱ्याला गेलं, पण जुन्या गावात राहणाऱ्यांसाठी कोर्ट अजून सूरसागर तलावाशेजारीच भरतं. नवीन सोसायट्यांतली मंडळी 'कोर्टासमोर' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात जुन्या पादरा रोडकडचं असतं. म्हणून मी आधी विचारते, काका, जुनं का नवं? एकदा एका काकांनी भडकून सांगितलं, कोर्ट म्हणजे कोर्ट, त्यात जुनं नवं काय, तुम्ही बडोद्याच्या नाही वाटतं. मी दांडिया बाजारात जन्मलेय हो.

गेंडा सर्कल आणि गेंडीगेटचं तर विचारूच नका. एक रेल्वे लाइनच्या पलीकडे पश्चिमेला, दुसरं जुन्या गावाच्या चार दरवाज्यांतलं दक्षिणेचं दार, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडातून शेवटचं अक्षर नेहमी गिळलं जातं. मी आता 'डा की डी' असं विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर 'हो' असं येतं. त्यापेक्षा विचारायचं, दारातून बाहेर आलात की समोर काय दिसतं? मग माणूस दाराशी जातो, बघतो, आणि वर्तमानात येतो. मोबाइलवाल्याची पाटी, बँकेचं एटीएम. नाहीतर सरळ, लाईटबिल कुठेय, ते आणा आणि वरचं वाचा. लाईटबिल आणायला गेलेला माणूस जरा शांतही होतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

भाषेची गंमत वेगळीच. आमच्या इथे एक नवीन डॉक्टर आली पुण्याची, तिची पहिलीच 14 जानेवारी. दुपारपासून फोन चालू, धाब्यावरून पडला, धाब्यावरून पडला. तिसऱ्या फोननंतर ती मला म्हणते, अगं आज सगळेच हायवेवर जेवायला गेलेत का? तिला सांगितलं की बाई, बडोद्यात धाबं म्हणजे गच्ची, आणि आज सगळं गाव गच्चीवर पतंग उडवतंय. संध्याकाळी मांजाने कापलेली माणसं यायला लागली तेव्हा मात्र ती हसली नाही.

पावसाळ्यात तर नकाशाच बदलतो. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता, भरलं की ते माझ्यासाठी नसतंच, गाडी जेतलपूर ब्रिजवरून घालायची, आणि गुगल बिचारं त्याच गरनाळ्यातून जा म्हणत राहतं. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली तेव्हा तर गाड्या असून नसल्यासारख्या, लोक पहिल्या मजल्यावरून पत्ता सांगतायत आणि मी विचारतेय पाणी कुठवर आहे, गुडघ्याला का कमरेला. त्यातच एक फोन, ॲम्ब्युलन्स पाठवा, कंपाऊंडमध्ये मगर आलीय. कुणाला लागलंय का? नाही हो, मगरच थकल्यासारखी वाटतेय. मी वनखात्याला फोन करायला सांगितलं. पण थकल्यासारखी म्हणजे कशी, हे विचारायचं राहूनच गेलं.

सरकारी 108 आपल्याकडे ऑगस्ट 2007 पासून आहे, आणि इथे जुन्या गावातल्या मांडवीतून लावलेला फोनसुद्धा अमदावादजवळ कठवाड्याच्या सेंटरला वाजतो. तिथे फोन घेणारी मुलगी पालनपूरची असेल नाहीतर भुजची, आणि तिला एका शिफ्टमध्ये अख्ख्या गुजरातचे सायकलवाले आणि बंद टॉकीजा समजून घ्यायच्या असतात. मला तिचं खरंच कौतुक वाटतं. मला तर फक्त एका गावाचा भूतकाळ पाठ करायचाय आणि त्यातला निम्मा मला आजोबांनी फुकट दिलाय.

तो उपयोगी कसा पडतो ते मागच्या पावसाळ्यात कळलं. रात्रीचे पावणेचार. फोन उचलला, गुजरातीत सुरुवात केली, तर पलीकडून एक म्हातारा आवाज गुजराती शब्द शोधतोय, शोधतोय, आणि मग 'अगं बाई' म्हणून थांबला. मी म्हटलं, आजी, मराठीत बोला. 

'अगं हे बाथरूममध्ये पडलेत. मला उचलत नाहीयेत.'

शुद्धीवर आहेत का? 'चिडलेत.' म्हणजे शुद्धीवर आहेत. उचलू नका, हलवू नका, अंगावर काहीतरी पांघरूण घाला, आणि पत्ता सांगा. पत्ता आला तो असा, मांडवीकडून आलीस ना, की विठ्ठल मंदिर सोडायचं आणि पुढे तो दाणेवाला होता बघ, त्याच्या खांच्यात (म्हणजे बोळात), तिसरा वाडा. दाणेवाला मी बघितलेला नाही. पण आजोबा मला त्याचे खारे दाणे किती भारी असायचे ते इतक्यांदा सांगायचे की तो खांचा मला डोळे मिटून सापडला असता. पायलटला सांगितलं, पोळीच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी गाडी लाव, आत शिरणार नाही, आणि दादर, म्हणजे जिना, लाकडी असणार, स्ट्रेचर वळायचं नाही, खुर्ची घेऊन जा.

मग राहिली ती वाट बघायची अकरा मिनिटं. अशा वेळी फोन सोडायचा नसतो. दिवा लावा, दाराची कडी काढून ठेवा, गोळ्यांची पिशवी जवळ घ्या, सगळं सांगून झालं तरी सात मिनिटं उरलीच. आणि आजींनी विचारलं, 'तू कुणाची गं?'

मी सांगितलं. 'म्हणजे दांडिया बाजारातल्या त्या मास्तरांची नात? ते यांना गणित शिकवायचे! अहो ऐकलंत का, मास्तरांची नात आहे फोनवर!' बाथरूममधून काहीतरी आवाज आला, शब्द कळले नाहीत पण सूर गणिताबद्दलचाच होता. मग माझं लग्न झालं का, आई कशी आहे, आमचा वाडा पाडून तिथे काय बांधलं, असे सगळे प्रश्न मला झाले. मी उत्तरं देत होते आणि एका डोळ्याने गाडीचा ठिपका बघत होते, ठिपका न्यायमंदिरापाशी आला, लहेरीपुऱ्याच्या दरवाज्याशी जरासा अडकला, परत हलला.

'बेन, पहोंची गयो,' दुसऱ्या फोनवर पायलट. आजींचा फोन चालूच होता, त्यांनी तो बहुतेक ओट्यावर ठेवला असावा. दादरावर बूट वाजले, खुर्ची कुठेतरी आपटली, आमच्या गाडीवरचा मुलगा म्हणाला 'दादा, हात अहियां राखो', आणि मग पहिल्यांदाच पडलेल्या आजोबांचा आवाज स्वच्छ आला, 'माझी टोपी दे आधी. टोपीशिवाय मी खाली उतरायचा नाही.' टोपी शोधायला तीन मिनिटं गेली. रिपोर्टमध्ये उशीर का झाला तो कॉलम असतो, त्यात मी 'दादर अरुंद' असं लिहिलं.