शुद्धिपत्र

शनिवार, रात्री साडेअकरा

पाऊस सकाळपासून धरून आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३१ फुटांवर, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे शाहूपुरीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. तरी दादानं संध्याकाळी कागदाची रिमं खालच्या फळीवरून वरच्या फळीवर हलवलीच. २०१९ च्या पुरापासून आमच्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं लावायच्या, दुकानात पावसाळा असाच सुरू होतो.

पण आज लिहायला बसले ती पावसापायी नाही. थोरल्या भाच्याचं डोकं फिरलंय, आणि कारण काय, तर एक कादंबरी. पुस्तकावरून कुणी ताटावरून उठलेलं या घरात मी पहिल्यांदा बघितलं.

सुट्टीभर तो ‘मास इफेक्ट’ हा व्हिडिओ गेम खेळत होता. २०२१ मध्ये तिन्ही भाग नव्यानं एकत्र काढले, ते त्यानं ओळीनं संपवले. मीही त्याच्या मागं बसून बराचसा खेळ बघितलाय, चष्मा कपाळावर आणि मांडीवर कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं प्रूफ. शेपर्ड नावाचा एक कमांडर, आकाशगंगाभर पसरलेल्या नाना जाती आणि त्यांची पिढीजात भांडणं. गोळीबार माझ्या डोक्यावरून गेला. एक गोष्ट मात्र फार आवडली. पहिल्या भागात तुम्ही कुणाला वाचवलंत, कुणाला मरू दिलंत, हे पुढच्या भागाला आठवतं. सेव्ह केलेली फाइल पुढं न्यायची, की सगळा जुना हिशोब बरोबर येतो. तुमच्या खेळात मेलेला गडी शेजारच्या पोराच्या खेळात तिसऱ्या भागापर्यंत धडधाकट असू शकतो. भावकीच ही. कुणी काही विसरत नाही.

त्या तीन खेळांच्या जगात चार कादंबऱ्या आहेत. पहिल्या तीन ड्र्यू कार्पिशिनच्या, २००७ ते २०१० मधल्या. पहिला खेळही मुख्यतः त्याच्याच लेखणीतला. चौथी ‘डिसेप्शन’. ती जानेवारी २०१२ च्या अखेरीस आली, तिसरा खेळ बाजारात यायच्या जेमतेम पाच आठवडे आधी, आणि लिहिली विल्यम डाइट्झनं. माणूस नवखा नव्हे. ‘हेलो’ या दुसऱ्या खेळावरची एक कादंबरी २००३ पासून त्याच्या नावावर आहे. पण ‘मास इफेक्ट’च्या घरात तो पाहुणा.

भाच्यानं पहिल्या तीन मोबाइलवर वाचल्या, खूश होता. चौथी काल रात्री संपवली आणि आज जेवताना सुरू झाला.

त्याच्या रागाला जुनी सोबत आहे. पुस्तक आलं तेव्हाच चाहत्यांनी मिळून चुकांची यादी केली होती. लांबलचक. कुठली घटना कधीची, कुठली जात कशी वागते, कुठलं यंत्र कसं चालतं, सगळं पकडलेलं. भात गार होईपर्यंत त्यानं ती मला वाचून दाखवली. शेवटी खेळ काढणारी बायोवेअर आणि पुस्तक काढणारी डेल रे, दोघांनी मिळून चाहत्यांची माफी मागितली आणि पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्त्या करतो म्हणून सांगितलं.

“म्हणजे शुद्धिपत्र काढायचं म्हणाले,” मी म्हटलं.

“ते काय असतंय?”

हबकलेच. डीटीपीवाल्यांच्या घरातलं पोर हे! उठून कपाटातला एक जुना गौरवग्रंथ काढला आणि शेवटच्या पानाला चिकटवलेला तो कागदाचा चिटोरा दाखवला. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. बारा ओळी. “हे वाचतंय कोण?” त्यानं विचारलं. ज्याचं नाव चुकलंय तो वाचतो, असं सांगितलं.

खरं तर मला माझीच पत्रिका आठवत होती. गेल्या वर्षी एका लग्नपत्रिकेत सहा चुलत्यांपैकी चौथ्याचं नाव माझ्या हातून गळलं. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. चौथे काका स्वतः दुकानात आले, ओरडले वगैरे अजिबात नाहीत. पत्रिका काउंटरवर ठेवली, तिसऱ्या आणि पाचव्या नावाच्या मधल्या जागेवर बोट टेकवलं आणि नुसते उभे राहिले. पाचशेच्या पाचशे माझ्या खर्चानं परत छापल्या. ते बोट अजून दिसतं.

रविवार, दुपार

पावसानं उघडीप दिलीय. दुकान बंद, म्हणून कालचं पुढं लिहिते.

सकाळी चहाला भाचा परत तयार. मी मुद्दाम वकिली केली, की बाबा, अख्खी कादंबरी लिहायची म्हणजे चार चुका व्हायच्याच, गोष्ट काल्पनिक आहे, एवढं काय? तर म्हणतो, “आत्ती, मी ओमेगावर किती तास काढल्यात तुला म्हाईत हाय? तिथल्या गल्ल्या मी डोळं झाकून सांगतो. आणि हा गडी मला तिथलं कायबी सांगणार?” ओमेगा म्हणजे अंतराळातलं एक बेकायदा ठाणं, कायदा-बियदा काही नाही तिथं.

यावर हसणार होते. पण मला ती पुराची कथा आठवली.

पुराच्या पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकाची पानं मी लावली होती. त्यात एक पूरकथा. लेखक बाहेरगावचे, भाषा गोड. आणि पाचव्या परिच्छेदात शाहूपुरीत पाणी शिरलं ते रंकाळा तलावातून! रंकाळा कुठं, आम्ही कुठं. आमच्याकडं पंचगंगा फुगते, तिचं पाणी जयंती नाल्यातून उलटं येतं आणि कुंभार गल्लीत शिरतं. त्या साली गणपती महिन्याभरावर होते, रंगाला आलेल्या मूर्ती भिजून ढेकूळ झाल्या. हायवे शिरोलीत पाण्याखाली, गावात ना दूध ना पेट्रोल, आणि चहूकडं पाणी असून नळाला थेंब नाही. आम्ही आठ दिवस वरच्या मजल्यावर. आणि कथेत रंकाळा. संपादकांना फोन केला तर म्हणाले, “ताई, कथा आहे हो, भूगोल नव्हे.” पान तसंच लावलं. पैसे मिळाले. राग गेला नाही.

तेव्हा भाच्याला एवढंच म्हटलं, “बरोबर आहे तुझं.” त्याला वाटलं मी कंटाळले.

मग त्यानंच उलटं उदाहरण काढलं, आणि ते मला फार गमतीचं वाटलं. ‘हेलो’ची पहिली कादंबरी, एरिक नायलंडची ‘द फॉल ऑफ रीच’, ऑक्टोबर २००१ मध्ये आली. खेळ नोव्हेंबरात. म्हणजे पुस्तक आधी आणि खेळ मागाहून. रीच नावाचा ग्रह शत्रूच्या हाती कसा पडला, ते त्यात आहे. तारीख ३० ऑगस्ट २५५२. चाहत्यांनी ते प्रमाण मानलं. नऊ वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीनं त्याच ग्रहावर खेळ काढला, आणि त्यात लढाई जुलैच्या अखेरीलाच सुरू होते, चांगली पाच आठवडे चालते. पुस्तकात जे जहाज वर अंतराळात आहे, ते खेळात जमिनीवरच्या गोदीत उभं. वाचलेली मंडळी चिडली. या वेळी चूक पुस्तकाची नव्हती, खेळानंच पुस्तक मोडलं होतं.

“मग खरं कुठलं धरायचं?” मी विचारलं.

त्यानं खांदे उडवले. मला मात्र या भांडणाची सवय आहे. हस्तलिखितात एक असतं, लेखकानं प्रुफात दुसरं केलेलं असतं, फोनवर तिसरं सांगितलेलं असतं. आणि २०१९ चा पूर किती दिवसांचा, हे आमच्या गल्लीत विचारून बघावं. पहिल्या घराचा पूर दहा दिवसांचा, वरच्या अंगाच्या घराचा तीन. कुणीही खोटं बोलत नाही. रीचचं तसं काही करता येईल, असं मी सुचवलं. म्हणाला, तशा जुळवण्या लोकांनी कधीच करून झाल्यात. चाहत्यांना शिव्या घालताना हे कुणी लक्षात घेत नाही, की दुसऱ्यानं केलेली चूक तेच रात्र रात्र बसून सांधतात, तीही फुकट.

डाइट्झवर मात्र मला तेवढा राग धरता येईना. त्याच्या पुढ्यात आधीच्या तीन पुस्तकांचं आणि दोन खेळांचं बाड, डोक्यावर खेळाची तारीख. चूक लिहिणाऱ्याकडून होते, ती छापखान्यातून बाहेर पडते ती प्रूफ वाचणाऱ्यामुळं. हे मी माझ्याविरुद्ध लिहितेय हे कळतंय मला. माझा प्रश्न असा, की दोन कंपन्यांत मिळून एकालाही त्या जगात राहिलेला माणूस, भाच्यासारखा, शेवटचं प्रूफ वाचायला बोलवावासा वाटला नाही? वडापाववर वाचून दिलं असतं याच्यासारख्यांनी.

हे सगळं बोलून झालं. पोरगं यादी खाली सरकवत होतं. मध्येच थांबलं.

“हेंडेल म्हणून पात्र हाय, त्याचं बघ. दुसऱ्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, त्याला पुरुष आवडतात. इथं बायकांकडं बघत बसलाय.” मग आवाज उतरला. “आणि जिलियन.”

जिलियन ही दुसऱ्या पुस्तकातली बारा वर्षांची मुलगी. ऑटिस्टिक. तिला स्पर्श सहन होत नाही, तिच्याशी कसं बोलायचं हे तिच्या माणसांनी हळूहळू शिकून घेतलेलं. चौथ्या पुस्तकात ती एकदम अठरा वर्षांची आहे, मधे तेवढी वर्षं गेलेलीच नसताना. आणि ऑटिझम नाही. राहिलाच नाही.

“अठराव्या वर्षी जातंय म्हणं, आत्ती,” तो म्हणाला.

धाकटा आतल्या खोलीत होता. चौदाचा आहे. कालपासून ताटावरून उठण्याएवढा राग कशाचा, ते मला तेव्हा कळलं. इतका वेळ जहाजं आणि तारखा सांगत होता बिचारा. दादा नाश्ता करत होता, त्याचा घास थांबला, पण तो काही बोलला नाही. मीही नाही. गेल्या महिन्यात एक पाहुणे याच खुर्चीत बसून म्हणाले होते, मोठा झाला की होईल की ठीक.

स्वयंपाकघरातून वहिनीची हाक आली, “मिक्सर!”

चटणी वाटायची होती. ती कधीच न सांगता बटण दाबत नाही. हाक मारते आणि मनात दहा मोजते. आतून खाटेचा आवाज आला. थोरल्यानं मोबाइल उपडा ठेवला, उठून गेला, दारातून बघितलं. धाकट्यानं दोन्ही कानांवर हात घेतले होते.

“हां, लाव,” त्यानं आईला सांगितलं.

मिक्सर फिरला. बंद झाला. कोरड्या खोबऱ्याचा आणि लसणीचा वास आला, आणि धाकटा बाहेर येऊन आधी वाटीत चटणी किती आहे ते बघून गेला.